काशीची वाट आणि मोटारीचा गिअर

दुर्गाघाटापर्यंत मोटार जात नाही. काशीतील ही महाराष्ट्रीयांची जुनी वस्ती. शेजारी ब्रह्माघाट, पलीकडे पंचगंगा घाट आणि बिंदुमाधव. अठराव्या शतकात पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर काशीत येऊन राहिले आणि त्यांच्यामागून कित्येक मराठी घराणी या गल्ल्यांत स्थिरावली. आजही यात्रेकरू आपली गाडी दूर रस्त्यावर ठेवतो आणि ब्रह्मचारिणी देवीच्या दर्शनाला पायीच येतो.

पूर्वी काशीला निघणारा माणूस निम्मे घर बरोबर घेई. बैलगाडीत शिधा असे, भांडी असत, अंथरूण-पांघरूण असे. मोटारीचे युग आले तरी ही हौस गेली नाही. 1950 साली जर्मनीत फोक्सवॅगनची पेटीसारखी गाडी निघाली आणि पुढच्याच वर्षी वेस्टफालिया या कारखान्याने तिच्यात बिछाना आणि स्वयंपाकाची सोय बसवून दिली. अशा गाड्यांतून 1960 नंतर युरोपातील तरुण इस्तंबूल, तेहरान, काबूल करीत काशीच्या घाटांवर येऊ लागले. 1979 मध्ये इराणात क्रांती झाली, अफगाणिस्तानात रशियन फौजा शिरल्या आणि ती वाट मोडली. आपल्याकडे 1969 पासून पुण्याजवळ आकुर्डीला मॅटॅडोर तयार होऊ लागली. लग्नाचे वऱ्हाड आणि यात्रेची मंडळी तिने इतकी वाहिली, की मॅटॅडोर हे जातिवाचक नामच होऊन बसले.

या जुन्या गाड्या आज पुन्हा हौसेने दुरुस्त केल्या जातात, आणि तेव्हा एक प्रश्न हमखास निघतो : गिअर हाताने टाकावा, की यंत्रावर सोपवावा?

मुळात गिअर हवा कशाला? एंजिन फार सावकाश फिरू लागले, की त्याचा जोर ओसरतो आणि ते बंद पडते. म्हणून चढावर एंजिन वेगाने आणि चाके हळू, असा हिशेब दातेरी चक्रांनी जुळवावा लागतो. पहिल्या फोक्सवॅगनचे बळ अवघे 25 अश्वशक्ती. सामानाने भरलेली अशी गाडी चढाला लागली, म्हणजे कोणत्या क्षणी खालचा गिअर टाकावा हे चालकाने कानांनीच ओळखावे लागे.

स्वयंचलित पद्धतीत क्लचचे काम तेल करते. दुर्गाघाटाला बांधलेली नाव पाहावी. कोणाचा हात लागलेला नसतो, तरी प्रवाह तिला ओढतो आणि दोर ताणला जातो. वाहते द्रव्य जोर पोचविते, हेच ते तत्त्व. एंजिनला जोडलेले पात्यांचे चक्र तेल फेकते, ते तेल समोरच्या चक्राला फिरविते, आणि गिअर आपोआप बदलतात. 1940 च्या ओल्डस्मोबाइल मोटारींत असा संपूर्ण स्वयंचलित गिअर आला. फोक्सवॅगनच्या व्हॅनला मात्र तो 1973 च्या नमुन्यापासून मिळाला, आणि तोही तीन गतींचा.

त्याची किंमत मोजावी लागते. तेलाच्या घसरणीत थोडी शक्ती उष्णता होऊन वाया जाते आणि इंधन अधिक लागते. शिवाय बॅटरी उतरली, तर हातगिअरची गाडी चार माणसांनी ढकलून सुरू होते. स्वयंचलित गाडी सहसा होत नाही. नागपूर-जबलपूर-रीवा या लांबच्या वाटेवर, आडबाजूला अडकलेल्या कुटुंबाला हा भेद पुस्तकी वाटणार नाही. क्लचची तबकडी लहान गावचा मिस्त्रीही बदलील. जुन्या स्वयंचलित गिअरचे अंतरंग जाणणारा मात्र विरळा.

परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ज्याचा डावा गुडघा जायबंदी झाला, त्याला शहरातील गर्दीत क्लच शंभरदा दाबणे ही शिक्षाच होय. अशा माणसाने काशीची वाट सोडून द्यावी काय? त्याला स्वयंचलित गिअर ही चैन नव्हे. घरच्यांना स्वतः घेऊन जाण्याचा त्याचा अधिकारच त्यात शाबूत राहतो.

तेव्हा निवाडा यंत्राकडे पाहून करू नये. चालकाकडे आणि वाटेकडे पाहून करावा. देह धडधाकट आणि वाट दूरची असेल, तर जुन्या गाडीला हातगिअरच बरा. देह थकला असेल, तर स्वयंचलित गिअर निःसंकोच घ्यावा. मात्र निघण्यापूर्वी त्याचे तेल आणि बॅटरी तपासून घ्यावी. दुर्गाघाटाच्या पायऱ्यांपाशी दोघांच्याही गाड्या मागेच राहतात. तेथून खाली गंगेपर्यंत ज्याने त्याने आपापल्या चालीनेच उतरायचे असते.