इंजिन जळलेलं नसतं



आमच्या हातखंब्याच्या आसपास आखातातून आलेली खेळणी अनेक घरांत आहेत. त्यांतच रुळांवर विजेने धावणारं छोटं इंजिन असतं आणि ते बहुधा बंद पडलेलं असतं. कारण विचारलं तर घरातले सांगतात, "जळलं ते." माझं म्हणणं एवढंच, की टाकून देण्याआधी त्याची वीज कुठे अडली ते बघा.

रत्नागिरी आणि निवसरच्या मधल्या पानवलच्या उंच पुलावरून खरी रेल्वे जाते. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२ साली पूर्ण झालं. तिथलं विजेचं इंजिन डोक्यावरच्या तारेतून २५ हजार व्होल्टची वीज घेतं. खेळण्यातल्या इंजिनाला अशी तार नसते. साधारण १२ व्होल्टची वीज एका रुळातून चाकात, चाकाला घासणाऱ्या पट्टीतून मोटरीत आणि दुसऱ्या बाजूच्या चाकातून दुसऱ्या रुळात जाते. म्हणजे दोष बहुतेक वेळा हलणारा भाग दुसऱ्याला टेकतो तिथे असतो.

सुरुवात ट्रान्सफॉर्मरपासून करावी. सौदी अरेबियात घरगुती वीज अनेक वर्षं १२७ व्होल्टची होती. तिथला ट्रान्सफॉर्मर आपल्या २३० व्होल्टला लावला तर तो खरोखरच जळतो. म्हणून त्यावरचा आकडा आधी वाचावा. तो ठीक असेल तर इंजिन उलटं धरून नऊ व्होल्टच्या बॅटरीच्या दोन तारा दोन बाजूंच्या चाकांना लावाव्यात. चाकं फिरली तर इंजिन निर्दोष. दोष रुळांत किंवा जोडतारेत.

एका घरी असंच इंजिन कपाटावर पडून होतं. आणणारा माणूस परदेशातच वारला होता. मुलगा कॉलेजात गेला तरी कुणी त्याला हात लावला नव्हता. बॅटरी लावली आणि चाकं फिरली. त्याची अम्मी दारातूनच म्हणाली, "अब्बा आले की हाच आवाज असायचा." दोष होता रुळांवरच्या काळ्या थरात.

हा थर स्पिरिटच्या फडक्याने पुसावा, पण आधी प्लग काढावा आणि स्पिरिट पूर्ण वाळू द्यावं. पॉलिश पेपर मात्र वापरू नये. त्याने पडलेल्या चऱ्यांत मळ लवकर साठतो.

बॅटरीवरही इंजिन हललं नाही, तर चाकांच्या आसांत गुंतलेले केस आणि दोरे काढावेत. चाकापासून सुटलेली पट्टी हलकेच वाकवून टेकवावी. त्यानंतर मोटर उघडून कोळशाचे छोटे ब्रश झिजलेत का ते पाहावं, आणि ते ज्या तांब्याच्या गोल भागावर घासतात त्याच्या फटींतली काळी भुकटी लाकडी काडीने काढावी. मोटर गुणगुणते पण फिरत नाही, अशा वेळी वीज लगेच तोडावी. जुनं ग्रीस घट्ट होऊन दाते अडकलेले असतात आणि तसंच चालू ठेवलं तर मोटर तापून जळते.

पुण्यात कोथरूडजवळ बी. एस. जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८पासून आहे. मुलांना घेऊन एकदा जरूर जा. आणि आपल्या दमट हवेत घरचं इंजिन पावसाळाभर पेटीत कोंडून ठेवू नका. अधूनमधून पाच मिनिटं चालवत राहा.