नोरा आणि बदललेला शेवट

आज नोरा. इब्सेनच्या 'अ डॉल्स हाउस' या १८७९ सालच्या नाटकातली. स्टोरी पटकन सांगतो. नवरा आजारी, त्याला इटलीला न्यायला पैसे हवेत, आणि बायकोला नवऱ्याच्या संमतीशिवाय कर्ज मिळत नाही. मग नोरा वडिलांची खोटी सही करते, पुढे लपूनछपून हप्ते फेडते. हे उघड झाल्यावर नवरा म्हणतो, मुलं तुझ्या हाती सोपवायची नाहीत! थोड्या वेळात बदनामीचा धोका टळतो, तर लगेच 'जा, माफ केलं' मोडवर. (बरा झालाय तिच्याच खटपटीने, बरं का!)

मला भारी वाटतं ते पुढचं. नोरा वाद घालत नाही. म्हणते, बरोबर आहे तुझं, मुलं वाढवायला मी तयार नाही. आधी मलाच शिकायला हवं. आणि तिन्ही मुलांना ठेवून निघते. खाली दार आपटतं, नाटक संपतं.

नवऱ्याला सोडणं लोकांनी एक वेळ चालवून घेतलं असतं. पण मुलांना? १८८० मध्ये जर्मनीत हेडविग नीमान-राबे या नामवंत नटीने हा शेवट करायला नकारच दिला. मी माझ्या मुलांना कधीच सोडणार नाही, म्हणाली. तिथे कॉपीराइटचं संरक्षण नव्हतं. दुसऱ्या कुणी भलताच पॅच मारण्यापेक्षा इब्सेननेच नाइलाजाने नवा शेवट लिहिला. त्यात नवरा तिला मुलांच्या खोलीच्या दाराशी ओढत नेतो. झोपलेली मुलं बघून नोरा तिथेच कोसळते. पडदा. दार आपटतच नाही.