प्रवेशपत्र आणि प्रेशर कुकर

मे महिन्यात पुण्या-नाशिकच्या, कोल्हापूरच्या कितीतरी घरांत एकच विषय चाललेला असतो. मुलीला किंवा मुलाला परदेशी विद्यापीठातून एम.एस.चं, नाहीतर पीएच.डी.चं प्रवेशपत्र आलेलं असतं. पेढे वाटून झालेले असतात. येणारा-जाणारा विचारतो, विद्यापीठ कितव्या क्रमांकाचं, विषय कोणता, पुढे नोकरी मिळेल ना? पहिल्या महिन्याचं भाडं कुठून देणार, विद्यावेतन कोणत्या तारखेला हातात पडणार, खोलीत स्वयंपाकाची सोय आहे का, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. हे प्रश्न किरकोळ मानून आईकडे, मावशीकडे आणि शेवटच्या आठवड्याकडे सोपवले जातात.

आजच्या व्याख्यानाचा विषय हे किरकोळ मानले गेलेले प्रश्नच आहेत. उच्च शिक्षणाचा इतिहास प्रबंधांच्या नावांनी लिहिला जातो. पण प्रबंध पुरा होईपर्यंतची वर्षं भाडं, जेवण, थंडी, कागदपत्रं आणि तब्येत यांच्या आधारानेच निघतात. ज्या विद्यार्थ्याने या गोष्टींचा निर्णय आकडे मांडून, वेळेवर आणि स्वतः घेतलेला असतो, त्याचं डोकं अभ्यासाला मोकळं राहतं. अभ्यासाची तयारी आणि संसाराची तयारी ही दोन वेगळी कामं नाहीत, आणि मराठी विद्यार्थ्यांचा गेल्या दीडशे वर्षांचा अनुभव तेच सांगतो.

आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या, तेव्हा त्यांना अठरावं वर्ष पूर्ण होऊन आठवडाच झाला होता. त्यांचं धैर्य सगळ्यांना माहीत आहे. त्यांची तयारी कमी माहीत आहे. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंशी त्यांचा पत्रव्यवहार १८८० पासून चालू होता. ज्या घरी उतरायचं त्या घराची ओळख प्रवासाच्या आधीच झालेली होती, आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्यावर फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात जाण्यापूर्वीचा उन्हाळा त्यांनी त्याच कुटुंबात काढला. परक्या देशात शिकायला जाताना, शिक्षण सुरू होण्याआधी तिथल्या एका तरी घराशी नातं असावं, हा तो विचार. आजही इतकं उपयोगी पडणारं दुसरं काही नाही.

पोशाख आणि आहार बदलणार नाही, असं त्या निघण्यापूर्वी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या जाहीर भाषणात सांगून गेल्या होत्या. पण पेनसिल्व्हेनियाची थंडी नऊवारीला मानवणारी नव्हती; पोटऱ्या उघड्या राहत. त्यांनी साडी सोडली नाही, ती गुजराती पद्धतीने नेसायला सुरुवात केली, आणि तेवढा बदल का करावा लागला हे गोपाळरावांना पत्रातून समजावलं. त्यांच्या खोलीतल्या शेगडीचा धूर बाहेर जात नसे. पेटवावी तर धूर, न पेटवावी तर गारठा. मांसाहार नाही, थंडी सोसवत नाही, आणि वर वैद्यकाचा अभ्यास. मार्च १८८६ मध्ये त्या एम.डी. झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेल्या. खोली चांगली असती तर त्या वाचल्या असत्या, असं म्हणण्याचा अधिकार कुणाला नाही. पण धुराची खोली, अपुरं अन्न आणि आजारपण हा त्यांच्या शिक्षणाचाच भाग होता, आणि चरित्रं वाचताना त्या पानांवरून घाईने पुढे जाणं बरोबर नाही.

शेगडीची जागा आता मध्यवर्ती हीटिंगने घेतली. तब्येतीचा प्रश्न मात्र तसाच आहे, फक्त तो कागदावर येतो. अमेरिकेतली बरीच विद्यापीठं गोवर-गालगुंड-रुबेला या लशीच्या दोन मात्रांचा दाखला मागतात आणि भारतातून येणाऱ्यांची क्षयाची तपासणी करतात. आपल्याकडे बाळाला जन्मतःच बीसीजीची लस टोचतात, त्यामुळे त्वचेवरची जुनी चाचणी कारण नसताना होकारार्थी येऊ शकते. रक्ताच्या चाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही. हे ठाऊक असलेली विद्यार्थिनी रक्ताची चाचणी होईल का म्हणून विचारते आणि अनावश्यक एक्स-रेचा फेरा वाचवते. दातांचंही तसंच. विद्यार्थ्यांच्या आरोग्यविम्यात दात आणि डोळे बहुधा धरलेले नसतात. कीड भरून घेणं, अक्कलदाढेचा निकाल लावणं, चष्म्याची दुसरी जोडी करून ठेवणं, ही कामं जूनमध्ये इथल्या ओळखीच्या डॉक्टरांकडे करण्यात शहाणपण आहे.

मग नाव. मराठी माणसाचं नाव तीन पदरी असतं आणि प्रत्येक कागदावर ते वेगळ्या क्रमाने येतं. गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि शेवटी आईचं. आधार कार्डावर नाव आधी. पासपोर्टवर वडिलांचं नाव कधी मधल्या जागी चिकटलेलं, कधी गायब. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रीच्या पदवीवर माहेरचं आणि पासपोर्टवर सासरचं. ज्याच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा राहिला आणि सगळं नाव एकाच रकान्यात गेलं, त्याच्या अमेरिकी व्हिसावर ते नाव आडनाव म्हणून छापलं जातं आणि नावाच्या जागी ‘एफएनयू’ ही अक्षरं येतात, म्हणजे नाव अज्ञात. मग बँकेत, वीजबिलावर, विद्यापीठाच्या ओळखपत्रावर तीच अक्षरं पाठीशी लागतात. हे दुरुस्त करायची वेळ अर्ज करण्याच्या आधीची, म्हणजे पदवीच्या शेवटच्या वर्षाची. पासपोर्ट हा पाया धरून बाकी सगळे अर्ज त्याच स्पेलिंगने, त्याच क्रमाने भरावेत. ट्रान्स्क्रिप्टसाठी महाविद्यालय आणि विद्यापीठ दोन्हीकडे हेलपाटे पडतात, तेव्हा मोहोरबंद पाकिटांचे चार-पाच जादा संच एकाच वेळी घेऊन ठेवावेत. जर्मनीला शिकायला जाणाऱ्या बहुतेकांना नोव्हेंबर २०२२ पासून शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचं एपीएस प्रमाणपत्र सक्तीचं आहे; त्याचा वेळ वेगळा धरावा लागतो.

आता पैसा, आणि इथे थोडं थांबायला हवं.

बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले, ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानची चाकरी करण्याचा करार. रक्कम, मुदत आणि अट, या तिन्ही गोष्टी निघण्यापूर्वी लेखी होत्या. त्यातूनच ते घरी पैसे पाठवत आणि न्यूयॉर्कच्या जुन्या बाजारात पुस्तकं विकत घेत. १९१७ साली वाढीव मुदत संपली तेव्हा लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून परतावं लागलं. पुढे सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राने पाच हजार रुपये उसने दिले, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. या मधल्या तीन वर्षांकडे पाहिलं की विद्यावेतनाची मुदत हा शब्द किती जड आहे ते कळतं.

आजच्या विद्यार्थ्याला पीएच.डी.चं पत्र येतं, त्यात विद्यावेतनाचा वार्षिक आकडा ठळक असतो. तो नऊ महिन्यांचा की बारा महिन्यांचा, हे बारीक अक्षरात असतं. नऊ महिन्यांचा असेल तर उन्हाळ्याचे तीन महिने भाडं चालू आणि उत्पन्न बंद. शिकवणी शुल्क माफ असलं तरी विद्यापीठाच्या इतर फिया कापल्या जातात. सत्र ऑगस्टमध्ये सुरू होतं, पण पहिलं विद्यावेतन पुष्कळदा सप्टेंबरच्या अखेरीस येतं, आणि त्याच सुमारास घरमालकाला पहिलं भाडं अधिक अनामत द्यायची असते. म्हणून विभागाच्या कार्यालयाला विचारायचा पहिला प्रश्न ‘किती’ हा नसून ‘कोणत्या तारखेला’ हा असावा. विचारायला संकोच वाटतो, आपल्याकडे पैशाचं बोलणं वडीलधाऱ्यांनी करायचं असतं. पण तिथे तो प्रश्न रोजचा आहे आणि उत्तर सरळ मिळतं. ज्यांना अशा मदतीसह प्रवेश मिळालेला असतो, त्यांना अमेरिकेतल्या बहुसंख्य मोठ्या विद्यापीठांनी आपसांत मान्य केलेल्या ठरावानुसार १५ एप्रिलच्या आधी होकार देण्याची सक्ती नसते. पहिल्याच पत्राला रात्रीतून होकार कळवणारे विद्यार्थी ही सवलत वाया घालवतात.

जर्मनीत हिशेब उलट्या बाजूने सुरू होतो. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नसतं (बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून दर सत्राला १,५०० युरो घेतं), पण व्हिसासाठी एक वर्षाचा खर्च आधीच गोठवलेल्या खात्यात दाखवावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे, म्हणजे महिन्याला ९९२. कुटुंबाने हाच आकडा समोर ठेवून भाडं, विमा, जेवण, प्रवास असे चार भाग पाडून पाहावेत. शहर बदललं की भाड्याचा भाग किती फुगतो ते लगेच दिसतं. म्युनिक आणि केम्निट्स यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

कर्ज काढून जाणाऱ्यांनी एक गोष्ट घरात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावी. अभ्यासक्रमाच्या काळात आणि त्यानंतर काही महिने हप्ता नसतो, पण व्याज थांबलेलं नसतं. त्या दोन-तीन वर्षांत फक्त व्याज भरत राहणं घराला झेपणार असेल, तर पुढचा डोंगर बराच लहान होतो. राहतं घर तारण ठेवण्याचा निर्णय वडिलांनी एकट्याने घेऊन मुलापासून लपवणं, यासारखी घातक माया दुसरी नाही. मुलाला तो आकडा माहीत असला पाहिजे. त्यावरूनच तो कोणत्या गावात राहायचं ते ठरवेल. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना अमेरिकेत आठवड्याला वीस तासांपर्यंतच काम करता येतं, तेही विद्यापीठाच्या आवारात. बाहेर काम करून कर्ज फेडू, हे गृहीत धरून कुणी निघू नये.

बाहेर न जाणाऱ्यांचा प्रश्न याहून लहान नाही. लातूरहून, बुलढाण्याहून पुण्यात एम.एस्सी.ला येणाऱ्या मुलाला वसतिगृह मिळालं नाही तर कॉट बेसिसवर राहणं, मेसचा डबा, अभ्यासिकेचं महिन्याचं शुल्क, हे सगळं आधी बसवावं लागतं. गेटमधून एम.टेक.ला गेलेल्याला महिन्याला १२,४०० रुपये मिळतात. जेआरएफ मिळालेल्या संशोधकाला जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये, अधिक घरभाडे भत्ता. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. पण अधिछात्रवृत्तीची रक्कम दरमहा ठरल्या दिवशी येईलच असं नसतं, आणि मेसवाल्या काकूंना पैसे ठरल्या दिवशीच द्यावे लागतात. तीन-चार महिन्यांचा खर्च शिल्लक ठेवून संशोधनाला बसणं ही इथली पहिली तयारी. ज्या मार्गदर्शकाकडे जायचं, त्यांच्याच दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याबरोबर कॅन्टीनमध्ये एक चहा घेतला, तर हे सगळं अर्ध्या तासात कळतं.

जेवणाकडे बाबासाहेबांनीही दुर्लक्ष केलं नव्हतं. हार्टली हॉल या वसतिगृहात ते आठवडाभरच राहिले. तिथलं गोमांसाचं जेवण त्यांना रुचेना. मग जिथे काही भारतीय विद्यार्थी राहत त्या कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये, आणि अखेर भथेनांबरोबर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये. राहण्याची जागा बदलण्यात त्यांनी कमीपणा मानला नाही, आणि अशा वसतिगृहातच जन्मभराचा मित्र मिळाला, ज्याने पुढे पैसे उसने दिले. खोलीचा साथीदार निवडताना स्वयंपाक, झोपेची वेळ आणि खर्चाची ऐपत या तीन गोष्टी जुळतात का, एवढं पाहावं. गाव एकच असणं पुरेसं नाही.

आणि बॅग. प्रत्येक आईच्या यादीत कुकर असतो, आणि तो असावाच. डाळ-भात येत असेल तर बाहेरच्या जेवणाचा खर्च निम्म्यावर येतो. पण साधा ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शन शेगडीवर तापतच नाही. तळाला चुंबक चिकटतो का, ते दुकानातच पाहून घ्यावं. इथला मिक्सर अमेरिकेत नेऊ नये. तिथला विजेचा दाब १२० व्होल्ट, आपला २३०. जर्मनीत दाब आपल्यासारखाच आहे, पण आपला तीन पिनांचा प्लग तिथल्या भिंतीत बसत नाही. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून साजूक तुपाची बरणी आणि पेढे घरीच राहतात. अमेरिकेत खाण्याच्या वस्तू जाहीर कराव्या लागतात. गोडा मसाला जाहीर केला तर अडचण नाही, लपवला तर दंड होऊ शकतो. मुळात कुकरच्या शिट्ट्या थांबवायच्या वेळा शिकून जाणं अधिक महत्त्वाचं. मुलींना हे येतं आणि मुलांना येत नाही, अशी घरं अजून आहेत. मे आणि जून हे दोन महिने मुलाने रोज एक वेळचा स्वयंपाक केला, तर ती तयारी जीआरईच्या तयारीइतकीच कामाला येते.

मूळ कागदपत्रं, प्रवेशपत्र आणि हस्तलिखितं हातातल्या पिशवीत ठेवावीत, खाली देऊ नयेत. १९१७ साली बाबासाहेबांचं सामान, जमवलेल्या पुस्तकांसकट, ज्या बोटीने येत होतं ती पाणतीराने बुडाली. पुस्तकं गेली. आज प्रती काढून ठेवणं सोपं आहे, ते निघण्याच्या आदल्या रात्रीपर्यंत लांबवू नये.

विमानाची तारीखही हिशेबाने ठरवायची असते. विद्यार्थी व्हिसावर अभ्यासक्रम सुरू होण्याच्या तीस दिवसांहून आधी अमेरिकेत पाऊल ठेवता येत नाही. घरात गणपती असला की मुलाने आरती करूनच जावं असं सगळ्यांना वाटतं, आणि गणेशोत्सव बहुतेक वर्षी ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरात येतो. तेव्हा वर्ग सुरू झालेले असतात. भाडेकरार वाचणं, बँकेत खातं उघडणं, बसचा मार्ग पायाखालून घालणं, प्रयोगशाळेत तोंडओळख करणं, याला दहा-बारा दिवस लागतात, आणि ते दिवस वर्ग सुरू होण्याआधीचे असावे लागतात. तिकीट काढताना घरच्यांनी गणपतीची तारीख सोडून द्यावी.