माळ्यावरचा फास्टर फेणे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाई जेव्हा मला म्हणाल्या की, या वर्षी तुम्ही बोलायचे, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. लोणची, भरतकाम किंवा फार तर भिशीचा हिशेब, यापलीकडे मी कधी चारचौघींत बोललेले नाही. पण त्यांनी विषय विचारला आणि माझ्या तोंडून एकदम निघाले, "फास्टर फेणे!" त्या हसल्या. तुम्हीही हसा, हरकत नाही. साठी उलटलेल्या बाईने पोराटोरांच्या पुस्तकावर बोलावे, हे हसण्यासारखेच आहे.

पण मला आज एक कबुलीही द्यायची आहे. ती ओघात येईलच.

आमच्या घरी 1975-76 च्या सुमारास मी आणि माझा थोरला भाऊ मिळून फास्टर फेणे वाचत असू. मिळून म्हणजे कसे, पुस्तक त्याच्या हातात आणि मान माझी त्याच्या खांद्यावर. त्याचे पान वाचून झाले की तो उलटायचा, माझे झालेले नसायचे, मग मारामारी! आजच्या मुलांचे वीर आकाशातून उडतात, त्यांच्या अंगावर झूल असते, डोळ्यांतून आग निघते. आमचा वीर फुरसुंगीचा. नाव बनेश फेणे, अंगाने काडी, पुण्याला विद्याभवनात शिकायला आलेला. त्याच्याजवळ शक्ती कसली? एक सायकल, एक चौकस डोके आणि जिभेने टाळ्यावर वाजवलेले ते "ट्टॉक!" एवढ्या भांडवलावर तो प्रतापगडावर जाई, काश्मीरला जाई, चक्रीवादळात सापडे, विमानचोरांच्या मागे लागे. आणि आम्हाला ते सारे खरे वाटे, कारण फुरसुंगी नकाशात होती. हडपसरच्या पुढे, सासवडच्या वाटेवर. उडणाऱ्या वीराचे गाव कुणी एस्टीने जाऊन पाहिले आहे का?

मी त्याच्यापायी सायकल शिकले. भावाच्या उंच सायकलीच्या दांड्याखालून पाय घालून, परकर सावरीत. दोन्ही गुडघे फुटले. आजी म्हणाली, "पोरीच्या जातीला हे शोभतं का?" मी जोरात ट्टॉक केले आणि पाठीत धपाटा खाल्ला.

या फेणेचे जनक भा. रा. भागवत, हे तुम्हाला ठाऊक असेल. 'बालमित्र' मासिक त्यांनी चालवले, ज्यूल व्हर्नच्या अद्भुत कथा मराठीत आणल्या. त्यांच्या पत्नी लीलावतीबाई याही मुलांसाठी लिहीत, आणि आकाशवाणीच्या 'वनिता मंडळ' कार्यक्रमाशी त्यांचे नाव जोडलेले आहे. आपल्यापैकी कित्येकींच्या आया भाकऱ्या थापता थापता तो कार्यक्रम ऐकत. तेव्हा फेणे हा आपल्या मंडळाला अगदीच परका नाही, असे मी धरून चालते.

लग्न झाल्यावर माहेरून मी भांड्यांबरोबर सात पुस्तके आणली. सासूबाईंनी ती पाहिली, काही बोलल्या नाहीत. मुलगा वाचायला लागल्यावर ती त्याची झाली. दूरदर्शनवर सुमीत राघवनने फेणे केला होता, तेव्हा हा अगदी लहान. पण पुढे पुस्तके त्याने फाटेपर्यंत वाचली. सातही पुस्तकांना त्याने खाकी कव्हरे घातली, आणि प्रत्येकावर आपले नाव, इयत्ता, तुकडी.

आता कबुली.

2001 च्या जून महिन्यात तो बारावीत गेला. त्याने डॉक्टर व्हायचे, असे ठरले होते. कुणी ठरवले? मीच. यजमान म्हणत, "त्याला विचार तरी." मी म्हणे, "त्याला काय कळतंय!" शिकवणीवरून आल्यावर तो अभ्यासाच्या वहीखाली फेणे ठेवून वाचताना मला सापडला. बारावीचा मुलगा, आणि पोरांचे पुस्तक! दुसऱ्या दिवशी तो शिकवणीला गेला असता रद्दीवाला आला. वर्तमानपत्रांबरोबर मी ती सातही पुस्तके तराजूत टाकली. किती पैसे आले ते आता आठवत नाही. बरे झाले, आठवत नाही ते.

त्याच वर्षी 27 ऑक्टोबरला भागवत गेले. वर्तमानपत्रातली बातमी मुलाने वाचली, बराच वेळ हातात धरून बसला. मग म्हणाला, "आई, आपली पुस्तकं कुठं आहेत गं?" मी कणीक मळत होते. मान वर न करता म्हटले, "माळ्यावर असतील."

त्याने माळा शोधला नाही. शोधला असता तर बरे झाले असते, असे मला पुढे पुष्कळदा वाटले.

वैद्यकीयला त्याचा नंबर लागला नाही. मी पुन्हा बसवले, पुन्हा लागला नाही. त्या दोन वर्षांत आमच्या घरात ताटवाट्यांचाच काय तो आवाज होई. शेवटी त्याने बी.एस्सी. केले. आज बियाणांच्या प्रयोगशाळेत आहे, त्याचे चांगले चालले आहे. पण माझ्याशी तो कामापुरते बोलत असे, हे मी आज प्रथमच चारचौघींत सांगते आहे.

2017 साली 'फास्टर फेणे' सिनेमा आला. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार, फेणे झाला आहे अमेय वाघ. प्रदर्शनाची तारीख 27 ऑक्टोबर, म्हणजे भागवत गेले तीच. तिकिटे मुलानेच काढली. मी मनात धास्तावलेलीच होते. आपला फेणे आता केवढा दाखवतील? हाती मोबाइल असलेला, कॉलेजच्या वयाचा! पहिली दहा मिनिटे मला मुळीच आवडली नाहीत. सारा अंधार, सारी धावपळ. पण दिलीप प्रभावळकर भागवतांच्याच भूमिकेत दिसले आणि मी सावरून बसले. निर्माण करणारा आणि त्याने निर्माण केलेला, दोघे एका पडद्यावर! ही कल्पना ज्याची असेल त्याला माझा नमस्कार. गिरीश कुलकर्णींचा अप्पा तर आवाज न चढवता अंगावर काटा आणतो. आणि पहिले ट्टॉक झाले तेव्हा थिएटरात माझ्या वयाच्या किती जणांनी जिभा वाजवल्या म्हणून सांगू! मीही वाजवली. या खेपेस धपाटा घालायला कोणी नव्हते.

मात्र कथा काय निघावी? फेणे पुण्याला येतो तो वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेसाठी! परीक्षेत शेजारी बसलेला हुशार मुलगा जिवानिशी जातो. सगळे म्हणतात आत्महत्या. फेणेला ते पटत नाही, तो मागे लागतो, आणि परीक्षेच्या धंद्यातली टोळी उघडी पडते. अंधारात मी पडद्याकडे कमी आणि मुलाकडे जास्त पाहत होते. तो मुलगा मेल्याचे कळते, तिथे माझ्या मुलाने डोळे मिटून घेतले. तेवढेच.

मध्यंतरात तो चहा घेऊन आला. मी म्हटले, "तुला एक सांगायचंय. ती पुस्तकं माळ्यावर नव्हती. मी रद्दीत घातली."

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "रद्दीवाल्याच्या गाडीवर मी पाहिली होती. शिकवणीहून येताना."

"मग सोडवून का नाही आणलीस?"

"खिशात बसच्या तिकिटापुरते पैसे होते. एकच आलं."

मी विचारले, "कुठलं?" तेवढ्यात दिवे मालवले. उरलेला सिनेमा मी कसा पाहिला ते माझे मलाच ठाऊक.

ते पुस्तक मला त्याने दिवाळी उलटल्यावर दाखवले. खाकी कव्हर, नाव, इयत्ता, तुकडी. सोळा वर्षे त्याच्या कपड्यांच्या कपाटात होते. त्या दिवशी तो शिकवणीहून घरी चालत आला होता, आणि उशीर झाला म्हणून मी रागावले होते.

उरलेली सहा मी नवी विकत घेतली. नात ती वाचते, आणि सायकलही चालवते. आता दांड्याखालून पाय घालावा लागत नाही. फुरसुंगी मात्र सिनेमा आला त्याच महिन्यात पुणे महापालिकेत गेली, पुढे उरुळी देवाचीसह तिची वेगळी नगरपरिषद झाली. एस्टीने नको, पण एकदा नातीला घेऊन जायचे आहे.

मंडळाच्या वाचनालयासाठी फेणेचा आणखी एक संच आज मी अध्यक्षीणबाईंकडे देत आहे. कव्हरे माझ्या मुलाने घातली आहेत. कपाटाची किल्ली खजिनदारबाईंकडे असते. मुले मागायला आली तर परीक्षेचे दिवस असले तरी द्या.