गव्हाणीपासून पोत्यापर्यंत



श्रीपुरात घरटी कुणी ना कुणी साखर कारखान्याशी जोडलेलं असतं. कुणी फिटर, कुणी वेल्डर, कुणी बॉयलरवर. म्हणून व्हर्च्युअल रिॲलिटीबद्दल, म्हणजे पडद्यावरच्या आभासी जगाबद्दल बोलताना मी गेमपासून नाही, वेल्डिंगपासून सुरुवात करतो.

नवशिक्याचा रॉड आधी चिकटतो, मग पत्र्याला भोक पडतं. आता शिकण्यासाठी असं हेल्मेट मिळतं, ज्यात काचेच्या जागी पडदा असतो. हातातल्या होल्डरची हालचाल यंत्र टिपतं आणि पडद्यावर ठिणग्या, वितळलेलं लोखंड दिसतं. कोन चुकला, हात घाईनं सरकला, तर तिथल्या तिथे कळतं. डोळे येत नाहीत, रॉड वाया जात नाहीत. पण धग आणि धूर त्यात नाही. म्हणून हात बसला की पोरानं खऱ्या वर्कशॉपमध्येच उभं राहिलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. शिवाय व्हर्च्युअल रिॲलिटीचा चष्मा फार वेळ लावला की गरगरतं. डोळे सांगतात आपण पळतोय, कानातला तोल सांगतो आपण बसलोय!

याच्याच जोडीच्या ऑगमेंटेड रिॲलिटीत मात्र समोरचं खरं जग दिसत राहतं, त्यावर माहिती उमटते. 1990 च्या सुमारास बोइंग कंपनीत विमानातल्या तारा जोडणाऱ्या कामगारांसाठी ही कल्पना पुढे आली. म्हणजे हे तंत्र कामगाराच्या हाताला मदत म्हणून पुढे आलं, हे ध्यानात ठेवा.

आणि तंत्राची मदत घ्यायला महागडा चष्माच हवा असं नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकाला क्यूआर कोड जोडले. पानावर फोन धरला की कविता ऐकू यायची. व्हिडिओ कॉलवरून त्यांनी मुलांना परदेशातल्या वर्गांत नेलं. 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला आणि 10 लाख डॉलरमधली निम्मी रक्कम त्यांनी उरलेल्या 9 अंतिम स्पर्धकांना वाटून दिली.

परितेवाडीला जमलं, मग श्रीपुरानं का मागे राहावं? चंद्रशेखर आगाशे यांनी 1934 साली बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट उभी केली, तिचा साखर कारखाना याच गावात उभा राहिला. गव्हाणीत पडलेली मोळी पोत्यातली साखर होईपर्यंतचा सगळा प्रवास, विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही चहूबाजूंनी टिपणाऱ्या कॅमेऱ्यानं चित्रित करा. गाळपाचा हंगाम कधीच न पाहिलेल्या कोकणातल्या एखाद्या शाळेला तो पाठवा. कॅमेरा मी देतो, परवानगी मागायला मुख्याध्यापकांबरोबर मीही येतो. निवेदन मात्र तुमच्याच आवाजात, आपल्या माळशिरसच्या बोलीत हवं.