गोड ज्वारी, पाचट आणि सूर्य

आयआयटी कानपूरमध्ये यंत्र अभियांत्रिकी शिकून फ्लोरिडा विद्यापीठातून सौरऊर्जेत डॉक्टरेट मिळवलेले आणि २०२२ मध्ये पद्मश्रीने गौरवलेले डॉ. अनिल राजवंशी १९८१ मध्ये अमेरिका सोडून फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत आले आणि ग्रामीण ऊर्जा हाच त्यांच्या कारकिर्दीचा विषय ठरला. गोड ज्वारीच्या ताटातील रस आंबवून इथेनॉल, म्हणजे इंधन म्हणून जळणारे अल्कोहोल, तयार होते आणि कणसातील दाणा खाण्यासाठी उरतो, त्यामुळे अन्न की इंधन हा वाद येथे बराचसा निवळतो. या इथेनॉलच्या ऊर्ध्वपातनासाठी, म्हणजे उकळून वाफेवाटे ते वेगळे करण्यासाठी, संस्थेने सौर उष्णता वापरली. उसाचे पाचट अपुऱ्या हवेत जाळून ज्वलनशील वायू देणारा गॅसिफायरही तेथेच विकसित झाला, आणि एरवी शेतातच पेटवल्या जाणाऱ्या पाचटाचे मोल ओळखणे ही त्यातील विशेष लक्षणीय बाब मानावी लागेल.