थुंब्याचे ख्रिस्तमंदिर आणि आमची मुले



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी तरुणांच्या व्यवसायाविषयी चार शब्द सांगावेत, अशी आम्हांस आज्ञा झाली आहे. आपल्या धाराशिव जिल्ह्यात शेती पावसाच्या भरवशावर, आणि पावसाचा भरवसा कोणासच नाही. अशा घरातील एखाद्या मुलाने वा मुलीने ‘मी अग्निबाण बांधणारा अभियंता होईन’ असे म्हटले, तर वडील मंडळी हसून विषय बदलतात. हे हसणे उचित नव्हे, एवढेच आम्हांस आज सांगावयाचे आहे.

केरळात तिरुवनंतपुरमनजीक थुंबा नावाचे कोळ्यांचे गाव आहे. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त तेथून अगदी जवळून जाते. यास्तव अग्निबाणांच्या प्रयोगांसाठी डॉ. विक्रम साराभाई यांनी ते स्थळ पसंत केले. परंतु त्या भूमीवर कोळ्यांची घरे होती आणि संत मारिया माग्दालेना हिचे ख्रिस्तमंदिर होते. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी ते मंदिर आणि आपले निवासस्थानही या कार्यास दिले. कोळी कुटुंबांनी घरे सोडून दुसरीकडे वस्ती केली. जेथे पिढ्यान्‌पिढ्या बाप्तिस्मे व विवाह झाले, ती जागा सोडणे त्यांस खचित सोपे गेले नसेल. मंदिरात कचेरी थाटली, अग्निबाणाचे सुटे भाग सायकलीवरून वाहिले गेले, आणि २१ नोव्हेंबर १९६३ रोजी पहिला अग्निबाण तेथून आकाशात गेला.

त्या वेळी उलटी गणना पुकारणारे प्रमोद काळे हे पुण्यात जन्मलेले, पंचविशीही न गाठलेले तरुण होते. पुढे तेच तेथील विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक झाले. डॉ. वसंत गोवारीकर हेही इंग्लंडातील बस्तान मागे टाकून १९६७ साली थुंब्यास आले आणि अग्निबाणाचे घन इंधन स्वदेशात सिद्ध करण्याच्या कामी त्यांनी आयुष्याची उमेद वेचली.

या व्यवसायात बुद्धी लागते. पण तिच्याहूनही दक्षता अधिक लागते. १० ऑगस्ट १९७९ रोजी आपला पहिला उपग्रह-प्रक्षेपक बंगालच्या उपसागरात कोसळला. कारण काय? दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण-यंत्रणेतील एका झडपेत दोष उत्पन्न होऊन आम्ल गळून गेले. शेकडो माणसांचे श्रम एका झडपेपायी बुडाले! परंतु त्यांनी दोष शोधला, दुरुस्त केला, आणि १८ जुलै १९८० रोजी ‘रोहिणी’ उपग्रह कक्षेत पोहोचविला.

आता मार्ग ऐका. वलियामला येथे भारतीय अंतराळ विज्ञान व तंत्रज्ञान संस्था आहे. २००७ साली सुरू झालेली ही संस्था बारावीनंतर जेईई ॲडव्हान्स्ड परीक्षेच्या गुणवत्तेवर विद्यार्थी घेते. दुसरा मार्ग म्हणजे यंत्र, इलेक्ट्रॉनिक्स किंवा संगणक शाखेची पदवी चांगल्या गुणांनी मिळवून इस्रोच्या निवडीस उतरणे. तिसरा मार्ग पदविकेचा व आयटीआयचा. त्यास कोणी हलका लेखू नये. अग्निबाणांची पोलादी आवरणे पुणे जिल्ह्यातील वालचंदनगरच्या कारखान्यातही घडली आहेत, आणि तेथे वेल्डिंग करणाऱ्याचा हात चुकला तर अभियंत्याचे गणित व्यर्थ जाते.

जागा थोड्या व उमेदवार फार, हे आम्ही लपवीत नाही. पुष्कळांची निवड होणार नाही. तथापि पक्के झालेले गणित आणि काटेकोर कामाची सवय कोणी हिरावून घेत नाही. तिला दुसरीकडे मोल येतेच.

म्हणून आईबापांस आमची विनंती आहे की, परीक्षेच्या वर्षी मुलास शेताच्या कामातून आणि मुलीस चुलीपासून संध्याकाळचे दोन तास मोकळे करावेत. मुलीच्या लग्नाची घाई करू नये. आणि धर्मग्रामाने आपल्या सभागृहाची एक खोली अभ्यासासाठी रोज उघडी ठेवावी. थुंब्याच्या लोकांनी आपले सारे मंदिर दिले. आपणांपाशी मागणे आहे ते एका खोलीचे, एका दिव्याचे आणि थोड्या शांततेचे.